विश्लेषण : गावचे घर विकायला काढले, पण व्यवहार अडतो कुठे? रत्नागिरीतील वारसांच्या नेहमीच्या चुका कोणत्या?

मे महिन्याची सुट्टी आणि गणपती हे कोकणातील कुटुंबे गावी एकत्र येण्याचे दोन काळ. बंद पडलेल्या घराचे काय करायचे, हा विषयही बहुतेक वेळा याच दिवसांत निघतो. मग कोणी ओळखीचा एजंट गिऱ्हाईक आणतो, दर ठरतो, विसारही घेतला जातो आणि सातबाऱ्यावरच्या एखाद्या नावाशी व्यवहार येऊन थांबतो. रत्नागिरी जिल्ह्यात घराची किंमत ठरवण्यापेक्षा घराचे मालक कोण, हे ठरवणे अधिक अवघड असते. नेमकी हीच गोष्ट शेवटी केली जाते. त्यामुळे होणारे नुकसान पैशांपुरते राहत नाही. भावंडे न्यायालयात समोरासमोर उभी राहतात आणि निकाल लागेपर्यंत घराची कौले उतरलेली असतात.

रत्नागिरीत घरविक्रीचा प्रश्न वेगळा का?

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख १५ हजार होती. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत ती वाढण्याऐवजी जवळपास पाच टक्क्यांनी घटली होती. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हे प्रमाण राज्यात सर्वाधिक होते. घरातील पुरुष मुंबई, पुणे किंवा परदेशी नोकरीला आणि घर गावी, हे चित्र या आकड्यांत दिसते. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊही तालुक्यांत अशी कुलूपबंद घरे आहेत.

ही घरे एका माणसाने विकत घेतलेल्या फ्लॅटसारखी नसतात. जांभ्या दगडाचे घर, पुढे अंगण, मागे परसू, बाजूला आंबा-काजूची कलमे आणि समाईक विहीर असा सगळा पसारा असतो. त्यातील प्रत्येक भागाचा कागद वेगळा असू शकतो. घर ग्रामपंचायतीच्या नोंदीत एकाच्या नावावर, घराखालची जमीन सातबाऱ्यावर दहा जणांच्या नावावर आणि काही झाडांचा हक्क तिसऱ्याच कुटुंबाकडे, असेही आढळते. म्हणून मुंबईतील फ्लॅट विकण्याचा अनुभव इथे फारसा उपयोगी पडत नाही.

पहिली चूक कोणती?

मालक निश्चित करण्याआधी गिऱ्हाईक शोधणे. समजा, घर आजोबांच्या नावावर आहे. त्यांना तीन मुलगे आणि दोन मुली. या पाचही जणांचे निधन झाले असेल आणि प्रत्येकाला चार अपत्ये असतील, तर आज वीस जणांच्या सह्या लागतात. त्यांतील कोणी मृत असेल, तर त्यांचे वारस त्यात वाढतात. कुटुंबाच्या बैठकीत मात्र अनेकदा तीन काकांचीच मुले बसतात. आत्यांच्या मुलांना बोलावणेही जात नाही.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. मृत्युपत्र न करता वडील वारले तर पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांना त्यांच्या हिश्शात समान वाटा मिळतो. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली होती. देशभरात ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. ‘लग्नात दिले तेवढे पुरे’ या समजुतीला कायद्यात स्थान नाही. मुस्लीम कुटुंबांत वाटणीचे प्रमाण वेगळे आहे. तिथे मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असतो आणि अपत्ये असतील तर पत्नीला आठवा हिस्सा मिळतो. पण मुलगी आणि पत्नी वारस आहेतच.

बहिणीला हिस्सा नको असेल, तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे लागते. साध्या कागदावरची सही किंवा ‘ताईचे काही म्हणणे नाही’ हे भावाचे आश्वासन पुरेसे नाही. तिच्या पश्चात तिची मुले हा वाटा मागू शकतात आणि तेव्हा घर विकत घेतलेला माणूसही त्या वादात ओढला जातो.

घरपट्टी भरतो तोच मालक का?

नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा करआकारणीसाठी असतो. गावात राहिलेल्या भावाच्या नावावर घरपट्टी आणि वीजबिल येत असते, म्हणून घर त्याचे ठरत नाही. सातबाऱ्यावरील नोंदही मुख्यतः महसुलासाठी असते आणि केवळ तिच्या जोरावर मालकी सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे.

जुन्या सातबाऱ्यांवर एखाद्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे दिसतात. त्यांचा अर्थ ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ असा आहे. म्हणजे ती व्यक्ती संपूर्ण कुटुंबाच्या वतीने नोंदवलेली असते. तिच्या वारसांनी सगळी जमीन आपलीच समजून व्यवहार केला, तर बाकीच्या शाखा हरकत घेऊ शकतात. अशा नोंदीमागचा फेरफार काढून वाचला, तर मूळ कुटुंबात कोण कोण होते याचा माग लागतो.

मृत व्यक्तींची नावे तशीच राहणे हीदेखील जुनी अडचण आहे. राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली ती यासाठीच. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा लागतो. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. दोन-तीन पिढ्यांच्या नोंदी बाकी असतील, तर त्या क्रमाने कराव्या लागतात. हे काम सुट्टीच्या आठवड्यात होणारे नाही. गावठाणातील घर असेल, तर एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत त्याचे ड्रोन सर्वेक्षण होऊन मिळकत पत्रिका तयार झाली आहे का आणि तिच्यावर कोणाची नावे आली आहेत, हे पाहावे. रत्नागिरी शहरात नगर भूमापनाची मिळकत पत्रिका पाहावी लागते.

एकाने फक्त आपला हिस्सा विकला तर?

सगळ्यांचे जमेना, म्हणून एखादा भाऊ आपला अविभक्त हिस्सा परस्पर बाहेरच्याला विकतो. असा हिस्सा विकण्यावर सरसकट बंदी नाही, पण घेणाऱ्याच्या हाती काय येते हा प्रश्न आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ नुसार, एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा घेणाऱ्या परक्या माणसाला त्या घरात कुटुंबासोबत समाईक ताबा मागता येत नाही. मुंबईतील एका घराबाबतच्या डोराब कावसजी वॉर्डन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये याच तत्त्वावर बाहेरच्या खरेदीदारांना ताब्यापासून रोखले होते.

अशा खरेदीदाराला मग वाटपाचा दावा लावावा लागतो. त्या दाव्यात १८९३ च्या वाटप कायद्यानुसार, घरातील हिस्सेदार त्याचा हिस्सा योग्य किमतीत विकत घेण्याची मागणी करू शकतात. हे ठाऊक असलेला खरेदीदार अविभक्त हिश्शाला पूर्ण दर देत नाही. विकणाऱ्याचे पैसे कमी होतात आणि भावंडांशी संबंधही तुटतात.

याउलट, हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ नुसार, मृत्युपत्राविना मिळालेल्या मालमत्तेतील आपला वाटा एखादा वारस विकणार असेल, तर सोबतच्या प्रथम श्रेणीच्या वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो. म्हणून बाहेर जाहिरात देण्याआधी सर्व हिस्सेदारांना दर कळवून ‘कोणाला घ्यायचे आहे का’ असे लेखी विचारणे शहाणपणाचे ठरते. घर कुटुंबातच राहावे असे वाटणारा एखादा चुलतभाऊ यातून पुढे येऊ शकतो. कोणी नको म्हटले, तर तेही लेखी राहते.

जमीन कोणती आणि घेणारा कोण?

गावठाणाबाहेरील अनेक घरे सातबाऱ्याच्या जमिनीवर उभी आहेत. ती जमीन बिनशेती झालेली नसेल, तर घरासोबत शेतजमीनच विकली जाते. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार, शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन घेण्यासाठी सामान्यतः परवानगी लागते. खरेदीदार शेतकरी असल्याचा पुरावा विसार घेण्याआधीच मागावा. ‘ते आम्ही पाहून घेऊ’ या उत्तरावर विसंबू नये.

जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल, तर इतर हक्कात कलम ४३ ची अट नोंदलेली असते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कलम ३२ म चे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असतील, तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून आणि इतर अटी पाळून पूर्वपरवानगीविना विक्री करता येते. हा नजराणा बहुधा मोठा नसतो, पण तो भरायचा राहिला की फेरफार अडकतो.

इतर हक्कातील बाकीच्या नोंदीही वाचाव्यात. सोसायटीचा जुना बोजा, कुळाचे नाव, खासगी वनाची नोंद, दुसऱ्याच्या मालकीची झाडे यांपैकी काहीही तिथे असू शकते. फेडलेल्या कर्जाचा बोजाही दाखला देऊन कमी करून घ्यावा लागतो. घरापुरती दोन-चार गुंठे जागा तोडून विकायची असेल, तर तुकडेबंदी कायदा आड येतो. ग्रामीण भागासाठी २०२३ मध्ये जिरायतीचे २० गुंठे आणि बागायतीचे १० गुंठे असे किमान क्षेत्र ठरवण्यात आले. शहरालगतच्या क्षेत्रांसाठी नंतर सवलती आल्या. आपली जागा कशात मोडते, हे दुय्यम निबंधक कार्यालयात आधीच विचारावे.

किनाऱ्यालगतच्या घरांना सीआरझेडचे निर्बंध आहेत. ‘इथे हॉटेल बांधता येईल’ असे विकणाऱ्याने सांगू नये. ते खोटे ठरले, तर फसवणुकीचा आरोप त्याच्यावर येतो.

हद्द, वाट आणि विहिरीचे काय?

गडगा घातला आहे तिथपर्यंत आपली जागा, असे समजून क्षेत्र सांगितले जाते. गडगे पिढ्यान्‌पिढ्या सरकलेले असतात. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून ‘क’ प्रत घेतली, तर लगतच्या शेजाऱ्यांना नोटीस जाते आणि वाद असेल तर तो विक्रीआधीच समोर येतो. मोजणीला वेळ लागतो. म्हणून घर विकायचे ठरले की पहिल्याच महिन्यात अर्ज करावा.

घरापर्यंतची वाट कोणाच्या जमिनीतून जाते, हाही प्रश्न आहे. चुलत्याच्या आगरातून जाणारी पायवाट कुटुंबाला चालते, पण नव्या मालकाच्या गाडीला ती मिळेलच असे नाही. समाईक विहिरीच्या पाण्याचा हक्क, सांडपाण्याचा मार्ग आणि कलमांची मालकी खरेदीखतात स्वच्छ लिहिलेली असावी. जे लिहिलेले नाही, त्यावरच पुढे भांडण होते.

विसार, रोख आणि कुलमुखत्यारपत्रात कुठे फसगत होते?

एका भावाने घाईने घेतलेला विसार सगळ्यांना महागात पडतो. विसार पावतीत पूर्ण किंमत, व्यवहाराची मुदत, कोणाकोणाच्या सह्या यायच्या आहेत आणि व्यवहार मोडला तर पैसे कसे परत करायचे, हे लिहिलेले हवे. अन्यथा करारपूर्तीच्या मागणीसाठी खरेदीदार ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावू शकतो. तोवर दुसरे चांगले गिऱ्हाईक आले तरी हात बांधलेले राहतात.

‘थोडे वर, थोडे खाली’ हा रोखीचा प्रकारही धोक्याचा आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. इथे घेणारा म्हणजे घर विकणारा.

मुंबईतील किंवा परदेशातील नातेवाईक गावातल्या एकाला कुलमुखत्यारपत्र देतात. त्यात सोय आहे, पण ते या घरापुरते, नोंदणीकृत आणि मर्यादित अधिकारांचे असावे. देणाऱ्याचा मृत्यू झाला की सामान्यतः ते संपते. त्यानंतर त्याच्या आधारे केलेली सही वादात सापडते. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. केवळ कुलमुखत्यारपत्र आणि साठेकरार यांवर मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सांगितले आहे. नोंदणीकृत खरेदीखत झाल्याशिवाय आणि पैसे खात्यात आल्याशिवाय किल्ली देऊ नये.

कर किती आणि कोणाला?

‘वडिलोपार्जित घराला कर नसतो’ हा गैरसमज आहे. घर मिळताना कर नसतो, विकताना नफ्यावर असतो. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के दर आहे. त्या तारखेआधी मिळालेल्या जमीन किंवा इमारतीसाठी निवासी भारतीयांना महागाई निर्देशांकानुसार किंमत वाढवून २० टक्के दराने कर काढण्याचाही पर्याय आहे. दोन्हींपैकी कमी येईल तो कर भरावा. जुन्या घराची मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरता येते, मात्र ते त्या वेळच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल उपयोगी पडतो.

उदाहरणार्थ, २००१ चे मूल्य ६ लाख आणि २०२५-२६ मधील विक्री ३० लाख असेल, तर साध्या पद्धतीने २४ लाखांच्या नफ्यावर ३ लाख रुपये कर होतो. निर्देशांकाने मूळ किंमत २२ लाख ५६ हजार होते, नफा ७ लाख ४४ हजार उरतो आणि कर सुमारे १ लाख ४९ हजारांवर येतो. उपकर वेगळा. २००१ चा अहवाल न करणाऱ्याचे नुकसान किती, हे यावरून लक्षात येते.

रेडी रेकनरचे मूल्य विक्रीच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर कर त्या मूल्यावर धरला जातो. घाईने कमी दरात विकणाऱ्यांनी हे आधी तपासावे. व्यवहार ५० लाख किंवा अधिक असेल, तर खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो. अनिवासी भारतीय हिस्सेदाराच्या वाट्यावर मात्र रकमेची अशी मर्यादा नाही आणि कपातीचा दरही जास्त असतो.

बागेच्या जमिनीचा हिशेब निराळा आहे. २०११ मध्ये रत्नागिरी शहराची लोकसंख्या सुमारे ७६ हजार होती. १० हजार ते १ लाख लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरपलीकडील शेतजमीन ‘ग्रामीण’ धरली जाते आणि तिच्या विक्रीवर भांडवली नफा कर लागत नाही. घराला ही सूट नाही. म्हणून खरेदीखतात घर आणि बाग यांची किंमत वेगळी दाखवावी.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे सगळी रक्कम एका भावाच्या खात्यात घेऊन नंतर वाटणे. कर ज्याच्या त्याच्या हिश्शावर आहे, तेव्हा खरेदीखतातच प्रत्येकाचा वाटा लिहून पैसे त्या त्या खात्यात घ्यावेत. घराच्या नफ्यातून दोन वर्षांत दुसरे घर घेतल्यास किंवा तीन वर्षांत बांधल्यास करसवलत मिळते. सहा महिन्यांत ठरावीक रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवण्याचाही मार्ग आहे.

देव्हारा आणि पालखीचे आधी का ठरवावे?

कोकणात घर विकताना हा प्रश्न कागदांइतकाच महत्त्वाचा असतो. घराण्याचा गणपती पुढे कोणाकडे बसणार, शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी कोणाच्या अंगणात थांबणार, देव्हाऱ्यातील टाक कोण नेणार, याचा विषय खरेदीखताच्या दिवशी निघाला, तर वयस्कर काकू सही करायला तयार होत नाहीत. मग तिला अडवणूक करणारी म्हटले जाते. प्रत्यक्षात तिचा प्रश्न रास्त असतो आणि तो कोणी विचारलेलाच नसतो. काही कुटुंबे घर विकताना देव्हाऱ्यापुरती जागा किंवा मूळ जमिनीचा एक तुकडा मागे ठेवतात. तसे करायचे असेल, तर तेही तुकडेबंदीच्या नियमात बसते का हे पाहून खरेदीखतात लिहावे लागते.

सुरुवात कुठून करावी?

आधी वंशावळ कागदावर काढावी. त्यात मुली, विधवा आणि परदेशी गेलेले सर्व यावेत. एखादा वारस सात वर्षे बेपत्ता असेल किंवा अल्पवयीन असेल, तर वकिलाचा सल्ला घेऊन न्यायालयाचा मार्ग पाहावा. त्यानंतर सातबारा, आठ अ, जुने फेरफार आणि नमुना ८ एकत्र करून कोणत्या नोंदी बाकी आहेत हे ठरवावे. मोजणीचा अर्ज त्याच वेळी द्यावा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल करून घ्यावा, कारण खरेदीदाराचा वकील तो मागणारच आहे. मग हिस्सेदारांना लेखी विचारणा, मूल्यांककाचा अहवाल आणि सर्वांत शेवटी गिऱ्हाईक.

या क्रमाला एखादे वर्ष लागू शकते. तेवढ्यात दर वाढो न वाढो, कागद स्वच्छ असलेल्या घराला बँकेचे कर्ज घेऊन येणारा खरेदीदार मिळतो. कागद अडलेल्या घराकडे पडत्या भावात घेणाराच येतो. शिवाय सगळे वारस एका कागदावर आल्यावर, घर विकूच नये असे कुटुंबाला वाटले तर तेही त्याच कागदांवर शक्य होते. एकाने बाकीच्यांचे हिस्से घेऊन पावसाळ्याआधी कौले परतली, तरी वारसांची नावे जुळवण्यासाठी केलेली धावपळ वाया जात नाही.